द्वारपरीक्षा आणि अनुशासन : इतिहासाच्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. प्रस्तुत लेखक एका विद्यापीठात संशोधन-प्रवेशाच्या मुलाखतीसाठी गेला होता. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी प्राचीन भारतातील शिक्षणसंस्थांविषयी विचारले. नालंदेत दहा हजार विद्यार्थी होते, असे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. पुढचा प्रश्न तीन शब्दांचा होता : ‘हे कोण सांगतो?’ मला उत्तर देता आले नाही. दहा हजार ही संख्या मी लहानपणापासून व्याख्यानांतून ऐकत आलो होतो. ती सांगणारा साक्षीदार कोण, याचा विचार कधी केला नव्हता. त्यानंतर विनयपिटकाविषयी तीन-चार प्रश्न झाले. त्यांची उत्तरे मला पाठ होती, तरीही ती तोंडातून बाहेर पडली नाहीत.

त्या दिवशी मी दोनदा गप्प बसलो, परंतु ही दोन मौने सारखी नव्हती. पहिले मौन अज्ञानाचे होते आणि दुसरे संकोचाचे. विद्यापीठातील प्रवेशपरीक्षेची व मुलाखतीची तयारी करणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा भेद प्रथम ओळखला पाहिजे, कारण दोन्ही मौनांवरील उपाय वेगवेगळे आहेत. बौद्ध परंपरेस हा भेद ठाऊक होता. संकोचाच्या मौनाचा विचार विनयपिटकाने केला आहे, तर अज्ञानाच्या मौनाची कसोटी नालंदेच्या द्वाराशी होत असे. या दोहोंच्या आधारे आजच्या विद्यार्थ्याच्या तयारीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विनयातील मुलाखत

महावग्गाच्या पहिल्या खंधकात उपसंपदेचा विधी आला आहे. उपसंपदा घेऊ इच्छिणाऱ्यास संघापुढे काही प्रश्न विचारले जात. कुष्ठ, गंड, किलास, शोष व अपस्मार या पाच रोगांपैकी एखादा रोग आहे काय? तू मनुष्य आहेस काय? पुरुष आहेस काय? दास नाहीस ना? ऋणमुक्त आहेस काय? राजाच्या चाकरीत नाहीस ना? मातापित्यांची अनुमती आहे काय? वीस वर्षे पूर्ण झाली आहेत काय? पात्र व चीवरे पूर्ण आहेत काय? शेवटी स्वतःचे व उपाध्यायाचे नाव विचारले जाई.

हे प्रश्न अवघड नव्हते. स्वतःचे नाव कोणास ठाऊक नसते? तरीसुद्धा उमेदवार संघाच्या मध्यभागी उभे राहिले की गोंधळून जात, लज्जित होत आणि त्यांना उत्तरे देता येत नसत, अशी स्पष्ट नोंद महावग्गात आहे. यावर भगवंतांनी उमेदवारास अपात्र ठरविले नाही. त्यांनी विधीच बदलला. आधी अनुशासन करावे, म्हणजे काय विचारले जाणार आहे ते समजावून सांगावे आणि मग प्रश्न विचारावेत, अशी अनुज्ञा त्यांनी दिली. भिक्षूंनी हे अनुशासन संघाच्या मध्येच सुरू केले, तेव्हा उमेदवार पुन्हा तसेच गोंधळले. म्हणून त्यांना एकीकडे नेऊन अनुशासन करावे, असे ठरले. पुढे अकुशल भिक्षू अनुशासन करू लागल्याने नवी अडचण उभी राहिली. तेव्हा ते कुशल व समर्थ भिक्षूनेच करावे आणि त्यासाठी संघाने त्याची नियुक्ती केलेली असावी, असा नियम झाला. गोंधळून जाऊ नकोस, लाजू नकोस, हेही उमेदवारास सांगावयाचे असे.

चुल्लवग्गात भिक्षुणींच्या उपसंपदेसंबंधी हाच अनुभव नोंदला आहे. भिक्षूंनी प्रश्न विचारले असता स्त्रिया संकोचत. म्हणून प्रश्नोत्तरे आधी भिक्षुणीसंघात पूर्ण करावीत व नंतर भिक्षुसंघाकडे जावे, अशी व्यवस्था करण्यात आली. विचारणारा कोण आहे यावरही उत्तर अवलंबून असते, हे यातून मान्य झाले.

या प्रश्नावलीत जात विचारलेली नाही, ही गोष्ट आपण नेहमी सांगतो आणि ती खरी आहे. नापित उपालीची उपसंपदा शाक्य कुमारांच्या आधी झाली, हेही चुल्लवग्गात आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून चालणार नाही. याच प्रश्नावलीने दास आणि ऋणको यांना दाराबाहेर ठेवले होते. जन्माची अट नव्हती, पण स्वामी व सावकार यांचे हक्क संघाने मोडले नव्हते. मुलाखतीत पहिली गोष्ट सांगून दुसरी लपविणारा विद्यार्थी समितीच्या पहिल्याच उलटप्रश्नाने अडचणीत येतो. दोन्ही गोष्टी सांगून त्यांचा मेळ घालणारा विद्यार्थी मात्र इतिहासाचा अभ्यासक ठरतो. धम्माविषयीचा आदर यामुळे कमी होत नाही. उलट तो प्रचाराच्या पातळीवरून अभ्यासाच्या पातळीवर येतो.

नालंदेचे द्वार

आता दुसऱ्या मौनाकडे वळू. नालंदेच्या द्वारपरीक्षेची माहिती युआन श्वांग (ह्यु-एन-त्संग) या चिनी भिक्षूच्या प्रवासवृत्तात मिळते. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात तो भारतात आला, नालंदेत शीलभद्रांपाशी योगाचाराचे अध्ययन केले आणि ६४५ मध्ये चीनला परतला. त्याचा वृत्तांत ६४६ मध्ये पूर्ण झाला. त्यात म्हटले आहे की, अन्य प्रदेशांतून चर्चेत भाग घेण्यासाठी येणाऱ्यांना द्वाररक्षक कठीण प्रश्न विचारीत असे. पुष्कळांना उत्तरे देता येत नसत व ते परत जात. दहापैकी सात-आठ जण या रीतीने असफल होत.

हा उतारा आपल्या परिचयाचा आहे. पण तो प्रवेशपरीक्षेत अनोळखी उतारा म्हणून पुढे आला तर विद्यार्थी त्याचे काय करील? ऑक्सफर्ड विद्यापीठाने इतिहासाच्या पदवी-प्रवेशासाठी अनेक वर्षे जी अभिक्षमता परीक्षा घेतली, तिच्यात नेमका असाच प्रश्न असे : विद्यार्थ्याने पूर्वी न वाचलेला एक उतारा द्यावयाचा आणि त्यातून काय कळते ते लिहावयास सांगावयाचे. उताऱ्याच्या विषयाचे पूर्वज्ञान तेथे अपेक्षित नसे; वाचण्याची शिस्त अपेक्षित असे. आपणही ती शिस्त या उताऱ्यावर चालवून पाहू.

पहिला प्रश्न : ही परीक्षा कोणाची? उतारा नीट वाचला तर ती बाहेरून चर्चेसाठी येणाऱ्या विद्वानांची आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या प्रत्येक विद्यार्थ्याची हीच परीक्षा होत असे, असे उताऱ्यात म्हटलेले नाही. तेव्हा ‘नालंदेची प्रवेशपरीक्षा’ हा आपला शब्दप्रयोग सैल आहे.

दुसरा प्रश्न : परीक्षा घेणारा कोण? युआन श्वांगच्या वृत्तांतात केवळ द्वाराचा रक्षक आहे. ‘द्वारपंडित’ ही भारदस्त पदवी प्रामुख्याने विक्रमशीलेच्या संदर्भात तिबेटी परंपरेतून येते. नारोपा, रत्नाकरशांती, प्रज्ञाकरमती, वागीश्वरकीर्ती, रत्नवज्र व ज्ञानश्रीमित्र ही द्वारपंडितांची नावे तिबेटी इतिहासकार तारानाथाने दिली आहेत. तारानाथाचा ग्रंथ १६०८ चा, म्हणजे विक्रमशीलेच्या त्या काळानंतर सुमारे सहाशे वर्षांनी लिहिलेला. दोन स्थळे आणि दोन काळ यांचे मिश्रण करून आपण एकच चित्र रंगविले आहे.

तिसरा प्रश्न : लेखक कोणासाठी लिहीत आहे? युआन श्वांगचा ग्रंथ तांग सम्राट ताइ-त्सुंग याच्यासाठी सिद्ध झाला. ज्या विद्यापीठात आपण शिकलो त्याचे द्वार किती कठीण होते, हे सांगण्यात लेखकाच्या स्वतःच्या विद्वत्तेचेही मंडन आहे. म्हणून त्याचे कथन खोटे ठरत नाही. मात्र ‘दहापैकी सात-आठ’ हे प्रमाण मोजणीतून आलेले नसून ठसा उमटविणारे बोलणे असण्याचा संभव आहे, हे ध्यानी ठेवावयास हवे.

आता त्या दहा हजारांकडे येऊ. युआन श्वांगच्या स्वतःच्या वृत्तांतात भिक्षूंची संख्या ‘कित्येक हजार’ अशी आहे. दहा हजार हा आकडा त्याच्या चरित्रात आहे. हुई-ली या शिष्याने आरंभिलेले ते चरित्र ६८८ मध्ये पूर्णत्वास गेले. त्यानंतर नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिलेला इत्सिंग तीन हजारांहून अधिक भिक्षू असल्याचे सांगतो. १९१५ ते १९३७ या काळात झालेल्या उत्खननात अकरा विहार व सहा विटांची मंदिरे उघडकीस आली. अर्थात संपूर्ण परिसर अद्याप खणला गेलेला नाही. हे चारही पुरावे समोर ठेवून विद्यार्थ्याने म्हणावे : ‘प्रत्यक्ष राहिलेल्या साक्षीदारांच्या कथनावरून काही हजार भिक्षू होते हे निश्चित, दहा हजार हा आकडा चरित्रग्रंथातील असून त्याला अन्य आधार मिळत नाही.’ मला त्या दिवशी एवढेच सांगता यावयास हवे होते. या उत्तराने नालंदेची थोरवी कमी होत नाही. सातव्या शतकात तीन हजार भिक्षूंचे निवासी विद्याकेंद्र हीच केवढी मोठी गोष्ट आहे!

नालंदेच्या अंताविषयीही हेच म्हणता येईल. बख्तियार खिलजीने नालंदेचे ग्रंथालय जाळले व ते सहा महिने जळत होते, असे विद्यार्थी निःशंकपणे लिहितात. मिन्हाज-इ-सिराजच्या ‘तबकात-इ-नासिरी’ या सुमारे १२६० च्या ग्रंथात बिहारच्या एका तटबंदीयुक्त स्थळावरील हल्ल्याचे वर्णन आहे. मुंडित मस्तकाच्या रहिवाशांची कत्तल झाली व तेथे पुष्कळ ग्रंथ सापडले, असे तो सांगतो. पण त्या वर्णनात नालंदेचे नाव नाही. ते स्थळ सामान्यतः ओदंतपुरी मानले जाते. दुसरीकडे, धर्मस्वामी हा तिबेटी भिक्षू १२३५ च्या सुमारास नालंदेत आला, तेव्हा नव्वदी उलटलेले राहुलश्रीभद्र तेथे सुमारे सत्तर शिष्यांना शिकवीत होते. तुर्की सैन्याच्या धाडींचे आणि उद्ध्वस्त वास्तूंचे वर्णनही त्याने केले आहे. म्हणजे विध्वंस झाला हे खरे, आणि विध्वंसानंतरही एका वृद्ध आचार्याने अध्यापन सोडले नव्हते हेही खरे. दंतकथेतील आगीपेक्षा हे चित्र अधिक हृदयस्पर्शी आहे, आणि त्याला साक्षीदार आहे.

द्वारापर्यंत पोहोचण्याची सिद्धता

नालंदेच्या द्वाराशी उभा राहणारा माणूस तेथवर रिकाम्या हाताने येत नसे. इत्सिंगने त्या काळच्या अभ्यासाचा क्रम दिला आहे. सहाव्या वर्षी वर्णमालेची पोथी, आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे, पंधराव्या वर्षापासून काशिकावृत्ती व तिच्या अध्ययनास पाच वर्षे. पुढे हेतुविद्या आणि अभिधर्मकोश. त्यानंतर मध्यदेशातील नालंदेत किंवा पश्चिमेकडील वलभीत दोन-तीन वर्षे राहून विद्वान आपले ज्ञान पारखून घेत. आधी भाषा, मग तर्क, मग शास्त्र आणि शेवटी वाद, असा हा क्रम आहे. आपले विद्यार्थी बहुधा शेवटापासून आरंभ करतात. वादाचे निष्कर्ष त्यांना पाठ असतात. ज्या भाषेत व ज्या पुराव्यात ते निष्कर्ष दडलेले आहेत त्यांची ओळख नसते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास मूळ साधनांसाठी दूर जावे लागत नाही. कार्ले, कान्हेरी, जुन्नर व नाशिक येथील ब्राह्मी शिलालेख एका रविवारच्या प्रवासाच्या अंतरावर आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तिने हे लेणे भद्रायनीय भिक्षुसंघास अर्पण केले. याच लेखात आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती करताना त्याने चार वर्णांचा संकर थांबविला असे तिने कोरविले आहे. बौद्ध संघास दान देणारी राजमाता वर्णसंकर रोखल्याचा अभिमान का मिरविते? धम्माला राजाश्रय होता म्हणून समाजव्यवस्था बदलली होती, असे म्हणता येईल काय? दान आणि आचार यांत अंतर होते काय? आंबेडकरी विद्यार्थ्याने हा लेख टाळू नये; त्याने तो सर्वांत आधी वाचावा. असा एक लेख मुळातून वाचलेला विद्यार्थी दहा मार्गदर्शिका पाठ केलेल्या विद्यार्थ्यापेक्षा मुलाखतीत अधिक स्थिर राहतो.

परीक्षांचे स्वरूप बदलत असते. २०२२ पासून अनेक केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेश बहुपर्यायी सामायिक परीक्षेतून होऊ लागले. बहुपर्यायी परीक्षेत युक्तिवादास जागा नसते, म्हणून तिची तयारी म्हणजे केवळ पाठांतर असे समजले जाते. परंतु ग्रंथ व त्याचा कर्ता, लेख व त्याचे स्थळ, घटना व तिचा क्रम यांवरील प्रश्न साधनांच्या सहवासात राहिलेल्या विद्यार्थ्यास सोपे जातात. तारानाथ व इत्सिंग यांच्यात नऊशे वर्षांचे अंतर आहे, हे ज्याने एकदा विचारपूर्वक जाणले त्यास ते घोकावे लागत नाही.

पंडितवाद आणि राजवाद

मुलाखतीचा प्रश्न मात्र केवळ विद्यार्थ्याच्या तयारीने सुटणारा नाही. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद नागसेनांना वादाचे आमंत्रण देतो, तेव्हा नागसेन एक अट घालतात. पंडित ज्या रीतीने वाद करतात त्या रीतीने बोलणार असाल तर मी बोलेन. राजे करतात त्या रीतीने नव्हे. पंडितांच्या वादात मत खोडले जाते, दुरुस्त होते, पण कोणी क्रुद्ध होत नाही. राजांच्या वादात मात्र विरोध करणाऱ्यास दंड होतो. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) स्थापन केलेल्या महाविद्यालयास पुढे मिलिंदाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणाऱ्या आणि प्रश्नापुढे आपले सिंहासन विसरणाऱ्या राजाचे ते नाव आहे.

आपल्या विद्यापीठांतील मुलाखती पंडितवादाने चालतात की राजवादाने, ही शंका निराधार नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने नेमलेल्या एका समितीने २०१६ मध्ये लेखी व तोंडी गुणांची तुलना केली. निरनिराळ्या सामाजिक गटांच्या या दोन गुणांतील तफावत तोंडी परीक्षेतील भेदभाव सूचित करते, असे तिला आढळले, आणि तोंडी परीक्षेचे गुण तीसवरून पंधरावर आणावेत अशी शिफारस तिने केली. त्याच वर्षीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी मात्र उलट दिशा धरली. लेखी परीक्षा पात्रतेपुरती ठेवून संशोधन-प्रवेश मुलाखतीच्या गुणांवर सोपविण्यात आला. ही तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरविली. २०२४ मध्ये पीएच.डी. प्रवेश ‘नेट’शी जोडला गेला, तेव्हा अधिछात्रवृत्ती न मिळालेल्या पात्र उमेदवारांसाठी नेटला ७० व मुलाखतीस ३० टक्के भार देण्यात आला. तीस टक्के म्हणजे एखाद्याचे आयुष्य इकडचे तिकडे करण्यास पुरेसे गुण होत.

भेदभाव असेल तेथे त्याविरुद्ध लढावयासच हवे, आणि तो लढा आकडेवारीच्या बळावर कसा लढता येतो हे उपरोक्त समितीने दाखविले आहे. परंतु नियम बदलेपर्यंत आपले विद्यार्थी त्या खोलीत एकटे जातच राहणार. घरात कोणी विद्यापीठ पाहिलेले नाही, बोलण्याची भाषा वेगळी, समोर चार-पाच अपरिचित विद्वान. स्वतःचे नाव सांगतानाही गोंधळणारा तो उमेदवार महावग्गातला आहे आणि आपल्या वस्तीतलाही आहे. त्याचे मौन हे अज्ञानाचे मौन समजणारा परीक्षक अन्याय करतो. आणि त्याला अनुशासन न देता पाठविणारा समाजही निर्दोष राहत नाही.

यासाठी आपल्या विहारांनी एक साधे काम हाती घ्यावे. प्रवेशाच्या दिवसांपूर्वी विहाराच्या एका खोलीत इतिहासाच्या उमेदवारांचे अनुशासन व्हावे. ते एकीकडे व्हावे. टाळ्या पडणाऱ्या सभेत नव्हे. ते कुशल व्यक्तीने करावे. विषय न जाणणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याने नव्हे. मुलींसाठी प्रश्न विचारणाऱ्यांत अभ्यासू स्त्रिया असाव्यात. प्रत्येकास एक अनोळखी उतारा द्यावा आणि लेखक कोण, केव्हाचा, कोणासाठी लिहितो, त्याने पाहिले की ऐकले, काय सांगत नाही, हे पाच प्रश्न विचारावेत. मग त्याच्या उत्तरास कठोर परंतु निर्वैर असा प्रतिप्रश्न करावा. आपण नेहमी ज्यांचा गौरव करतो अशा विषयांवर तर तो अवश्य करावा. नालंदेविषयीचा कठीण प्रश्न विद्यार्थ्याने प्रथम आपल्याकडून ऐकावा, परक्याकडून नव्हे.

अशा दहा-बारा बैठकांनंतर विद्यार्थ्यात दोन गोष्टी दिसू लागतील. ‘हे कोण सांगतो?’ या प्रश्नास तो साक्षीदाराच्या नावाने उत्तर देईल. आणि जेथे साक्षीदार नसेल तेथे ‘हे मी वाचलेले नाही, मात्र उपलब्ध पुराव्यावरून मला असे वाटते’ हे वाक्य त्याला मान खाली न घालता उच्चारता येईल. एवढे साधले म्हणजे तो दोन्ही दारांसाठी सिद्ध झाला असे समजावे. मुलाखतीहून परतलेल्या त्या वर्षी मी पहिले वाक्य ग्रंथालयात एकटा शिकलो. दुसरे शिकण्यास मात्र मला फार वर्षे लागली, कारण ते एकट्याने शिकता येत नाही.